बबी आणि पुढचं दार

१९ ऑगस्ट, मंगळ.
दु. बबी खिडकीत. जाळीला नाक लावून, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर कडुनिंबावर खारी धावताहेत, हिची फक्त शेपूट हलते. मीही शेजारी बसून राहिले, भाजी चिरायची तशीच. ऊन, सावली, परत ऊन. असं बसलं की दुपार कुठे जाते कळत नाही.
हे म्हणाले, "सोड की जरा त्या मांजरीला." आधीच्या मांजरीला, भुरीला, गेल्या थंडीत गल्लीतच दुधाच्या गाडीने... मीच पदरात उचलून आणली होती. पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही.

२३, शनि.
धारहून ताईचा फोन. बबी तिच्याकडूनच आणलेली, मुठीएवढी होती. हिची आई अजून तिथे गच्च्यांवरून हिंडते. ताई म्हणते, "अगं, मांजर आहे ती. लोणच्याची बरणी नव्हे, दादरा बांधून ठेवायला." तिला काय जातं बोलायला. तिची गल्ली निवांत. इथे देवासात आमच्या दारावरून दिवसभर फटफट्या.
शेजारच्या सोळंकी भाभींचंही तेच. "दीदी, बिल्ली है, घूमेगी नहीं तो क्या करेगी?" सगळ्याच शहाण्या.

२६, मंगळ.
पहाटे स्वप्न. मी धारच्या गच्च्यांवरून चालतेय, चार पायांनी, आणि गुडघे अजिबात दुखत नाहीत. खालून कुणीतरी हाका मारतंय, आवाज माझाच. उतरावंसं वाटेना. चहा होईपर्यंत तशीच पडून राहिले.

३१, रवि. गौरी आल्या.
ताई सकाळच्या बसने आली. गौरी येताना पुढचं दार उघडं लागतं, म्हणून बबीला कोठीच्या खोलीत कोंडलं. एवढी हुशारी केली, आणि गौरीला सगळं घर फिरवून दाखवायचं असतं हेच विसरले. तीस वर्षं दाखवतेय.
तुळशीपासून आतपर्यंत रांगोळीची पावलं. ज्येष्ठा माझ्या हातात, कनिष्ठा ताईच्या, मागे हे ताटली बडवताहेत. देवघर झालं, स्वयंपाकघर झालं. ताईने कोपराने कोठीचं दार ढकललं. रीतीप्रमाणे विचारलं, "इथे काय आहे?" म्हणायचं असतं, धान्य. माझ्या तोंडून गेलं, "बबी."
तोवर पायांतून सटकली. हातात मुखवटा, जागेवर बसवेपर्यंत खाली ठेवता येत नाही. नुसती बघत राहिले. रांगोळीच्या पावलांवरूनच गेली, बाहेरच्या दिशेने, काही घाई न करता. फाटकाखालून पार. हे ताटली वाजवतच होते.

१ सप्टें., सोम.
पूजन. सोळा भाज्या, पुरण, सगळं झालं. माझं लक्ष नाही. दु. भाभींबरोबर टेकडीच्या रस्त्यापर्यंत हाका मारत जाऊन आले. कुठे नाही. ह्यांच्यावर उगीच डाफरले, "वाजवा आता ताटली."
गौरी इतक्या हसऱ्या दिसताहेत की बघवेना. तुम्ही आलात नि ती गेली, हे बरं का? त्यांच्यासमोरच रडले.

२, मंगळ.
दहीभाताचा नैवेद्य दाखवत होते. मागच्या भिंतीवरून बबी आली. नाकावर ओरखडा, पोटाला चिखल, अंगाला गवताचा वास. दूध प्यायली आणि माझ्या मांडीवर झोपली. अशी गाढ ह्या घरात कधीच झोपली नव्हती. झोपेत पाय धावत होते. मी हात ठेवून बसले. कुठे पळत होती, कोण जाणे. मलाही डुलकी लागली.
सं. गौरी बोळवल्या. ताई निघताना म्हणाली, "बघ, आली ना परत?"
"भुरी नव्हती आली," मी म्हटलं. ताईने पाठीवरून हात फिरवला.

४, गुरु.
कालपासून दाराशी ओरडतेय, घसा बसला तिचा. खिडकीकडे ढुंकूनही बघत नाही. हे पेपरामागून म्हणाले, "तुझं तू ठरव बाई." आत्ता उठून दार उघडलं. उंबऱ्यावर थांबली, वळून पाहिलं, गेली.
पायरीवर बसून लिहितेय. हवा मऊ आहे, ढग टेकडीला टेकलेत, सगळं जरा झोपेतल्यासारखं. ती भाभींच्या भिंतीवर दिसली, मग दिसेना.
कोपऱ्यावर कुत्री भुंकायला लागली. उठले तर धरूनच आणीन, आणि मग पुन्हा सोडणार नाही, माहीत आहे मला. बसून आहे.