पहाटेच्या गाडीतली समोरची जागा

१७ सप्टेंबर, अल्तामुरा

बॅगा भरल्या. उद्यापासून सहल. रोम, फ्लॉरेन्स, फेरारा, व्हेनिस. लग्नाला चाळीस वर्षं झाली आणि आम्ही दोघं मिळून जवळच्या बारी शहराच्या पलीकडे गेलेलो नाही. बेकरी होती ना. पावाला कुठली सुट्टी? या वसंतात बेकरी विकली. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मला त्याचं काही वाटत नाही. अजिबात नाही.

तिकिटं दोनातानं काढली. अट एकच: सगळ्या गाड्या भल्या पहाटेच्या, खिडकीशी समोरासमोर दोन जागा, आणि दोघांनी बरोबर जायचं. पहाटेची तिकिटं स्वस्त पडतात, म्हणून असणार. बायको माझी पक्की हिशोबी.

म्हणाली, वितो, गाड्या चुकवू नकोस हं, मला हे फार वर्षांपासून हवंय. मी हसलो. जन्मभर गजराशिवाय तीनला उठलेल्या बेकरीवाल्याला सांगतेय.

संकल्प: सहलीत पावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

२० सप्टेंबर, रोम

फ्लॉरेन्सची गाडी गेली.

दोष माझा नाही. तीनला जाग आली. दाढी झाली, बूट घातले, तरी ढीगभर वेळ उरला. नुसतं बसून करायचं काय? दोनाताला सांगितलं, तू हो पुढे, मी पाय मोकळे करून थेट प्लॅटफॉर्मवर येतो. गल्लीच्या टोकाला वास आला. बेकरीचं मागचं दार उघडं, आत ओरेस्ते नावाचा गडी पिठाशी मारामारी करत होता. पाणी कमी पडलेलं मला दारातूनच दिसलं. अशा वेळी सज्जन माणसानं काय करावं? पाचच मिनिटं म्हणून बाह्या वर केल्या.

बाहेर पाहिलं तर लख्ख उजाडलेलं.

दोनाता प्लॅटफॉर्मवर दोन्ही बॅगा घेऊन उभी. मी म्हणालो, रस्ता चुकलो. तिनं माझ्या कोपराकडे पाहिलं. कोपराला पीठ होतं. मग जाऊन दुपारची नवी तिकिटं काढून आणली. दुपारच्या गाडीत मी झोपलो.

आणि गाडी वेळेवर सुटलीच कशी? उभ्या आयुष्यात या देशात गाडी वेळेवर पाहिली नाही. नेमका आजच मुहूर्त मिळाला.

संकल्प: सकाळी खोलीतून खाली उतरायचं नाही.

२२ सप्टेंबर, फ्लॉरेन्स

उतरलो नव्हतो. खिडकी उघडली, एवढंच.

समोरच बेकरी. मी वरूनच विचारलं, भट्टी तापली का. ब्रुनेरो नावाचा जाडा बेकरीवाला म्हणाला, आजोबा, वरून काय ओरडताय, लोक झोपलेत, खाली या. बोलावल्यावर न जाणं म्हणजे उद्धटपणा.

हे लोक पावात मीठ घालत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या घालत नाहीत. मी विचारलं, आजारी माणसांचं गाव आहे का हे? तो म्हणाला, आम्ही पावाबरोबर जे खातो त्यात असतं मीठ. तुमच्या दक्षिणेत बरोबर खायला काही नसतं, म्हणून तुम्ही पावातच टाकता. हे ऐकून घेऊन जो गाडी पकडायला पळेल तो अल्तामुराचा नव्हे. त्याच्याच भट्टीत मिठाचा पाव भाजून त्याला खायला लावला. म्हणाला, बरा आहे. म्हणजे जिंकलोच.

फेराराची गाडी गेली.

या वेळी दोनाता बाकावर पाठमोरी बसली होती. मी म्हणालो, पोटात दुखत होतं. ती म्हणाली, दुखत असेल. मग म्हणाली, व्हेनिसच्या गाडीला मी थांबणार नाही, वितो. गाडी आली की मी चढणार. आवाज चढवला नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मला फार शरम वाटली. दुपारच्या गाडीत नीट माफी मागणार होतो, पण डोळा लागला.

संकल्प: खोलीची किल्ली रात्री दोनाताच्या उशीखाली.

२४ सप्टेंबर, फेरारा

किल्ली उशीखालून इतक्या हलक्या हातानं काढली की तिनं कूससुद्धा बदलली नाही. बायकोची झोप मोडू नये म्हणून एवढं कोण जपतं?

इथला पाव वेगळाच. दोन वळ्या मधोमध जोडलेल्या, चारी बाजूंना शिंगं. मला हा येत नाही. एक शिकावा आणि तिला गाडीत गरम गरम द्यावा, एवढाच हेतू. पहिला फसला. नंतरचेही फसले. बेकरीतली बाई हसत होती, म्हणाली, आजोबा, बोटं थकली वाटतं. शेवटी एक जमला.

लोकांच्या बेकरीचा एप्रन घालून स्टेशनात धावलो. गाडी हलली होती. खिडकीत दोनाता. तिची समोरची, म्हणजे माझी जागा रिकामी. मी पाव उंच धरून दाखवला. तिनं हात हलवला, शेजाऱ्यापाजाऱ्याला हलवतात तसा.

तोच दिवस, व्हेनिस

पुढच्या गाडीनं आलो. दोनाता स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलेली सापडली. पाव दिला. तिनं मोडून अर्धा मला दिला. मला धीर आला. म्हणालो, स्वस्तात मिळतात म्हणून एवढ्या पहाटेच्या गाड्या घेतल्यास, त्यापेक्षा जरा उशिराच्या घेतल्या असत्यास तर हा त्रास झाला नसता.

ती म्हणाली, स्वस्तात? अरे, तू जेवलास की झोपतोस. संध्याकाळी आठला घोरतोस. तुझ्यातला जागा माणूस असतो फक्त पहाटे, हसतो, गप्पा मारतो, हे मला गिऱ्हाइकं सांगायची. मला तो कधी मिळाला नाही. बेकरी विकलीस तेव्हा वाटलं, आता मिळेल. म्हणून पहाटेच्या गाड्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातला पाव गिळवेना. पाव उत्तम झाला होता, तरी.

संकल्प, शेवटचा: परतीच्या गाडीत दोनातासमोर बसायचं आणि बोलायचं. आदल्या रात्री झोपायचंच नाही, म्हणजे उठून कुठे जाण्याचा प्रश्नच नाही.

२६ सप्टेंबर, गाडीत, बारीजवळ

गाडी मिळाली. रात्रभर खुर्चीत ताठ बसून होतो. दोघं बरोबर चढलो. खिडकीशी, समोरासमोर. दोनातानं केस नीट केले, हसली आणि म्हणाली, हं, बोल.

मी म्हणालो, बोलतो, जरा पाठ टेकू दे.

त्यानंतरचं सगळं तिच्याकडून कळलं. पो नदीच्या पुलावर उजाडलं. बोलोन्याला गाडी बदलली. माझा दंड धरून तिनं मला नेलं, मी चालत होतो म्हणे. रिमिनीनंतर तासन्‌तास समुद्र दिसला, आमच्याच बाजूला. तिनं मला दोनदा हाक मारली, मग आपला कोट माझ्यावर घातला. शेजारच्या बाईनं विचारलं, आजारी आहेत का. दोनाता म्हणाली, नाही, बेकरीवाले आहेत.

२७ सप्टेंबर, अल्तामुरा, पहाटे तीन

जाग आली. एकदम टक्क. आता कुठलीही गाडी पकडायची नाही. डोक्यात बोलायचं खूप काही आहे.

तिला उठवावं म्हणून दोनदा खोलीच्या दारापर्यंत गेलो. आठवडाभर ती बिचारी पहाटेच उठत होती. आज कुठे गाढ झोपलीय. उठवून म्हणू काय, की तो जागा माणूस आलाय?

स्वयंपाकघरात येऊन बसलो. पीठ भिजवलं. पाचच मिनिटं.