बाबांच्या टाचा

प्रिय एफी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू म्हणशील, हेक्टरला पत्र लिहायची बुद्धी झाली म्हणजे नक्की कुणीतरी गेलं. नाही गं, कुणी गेलेलं नाही. जायचे ते बाबा फेब्रुवारीत गेले, आणि ते मी तुला फोनवर सांगितलंच होतं. तू नुसतं 'बरं' म्हणालीस नि फोन ठेवलास. तेव्हा मला तुझा फार राग आला होता. आता येत नाही. का, ते पुढे लिहितो. बॉस्टनमध्ये पत्रं शेवटापर्यंत वाचायची पद्धत असेल तर हे वाच, एवढंच मागणं.

इकडचं म्हणशील तर बर्फ गेलं, पण समुद्रात हिमाचे तुकडे अजून तरंगतायत आणि मे महिना असून वारा हाडात शिरतो. मी आपल्या बेटावरच्या सिडनीतली खोली सोडून घरी आलोय. पोलाद कारखान्याने मला आणि मी त्याला, दोघांनी एकमेकांना पुरेसं सोसलं. शेजारची मॅगी डॅन एक्याऐंशीची झाली. रोज ओटची बिस्किटं घेऊन येते आणि माझ्या चहाला नावं ठेवून जाते. परवा म्हणाली, "हा चहा आहे का मेंढ्या धुतलेलं पाणी?" आणि तीन कप प्यायली.

शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवरचं लिनोलियम उचकटलं. चुलीपाशी कुजलं होतं. खिडकीजवळ, जिथे बाबांची खुर्ची असायची, तिथल्या फळीवर दोन खळगे निघाले, शेजारीशेजारी. आठवतात? लहानपणी तू त्यांत दूध ओतून मांजराच्या पिल्लांना पाजायचीस आणि आईचा मार खायचीस. आधी आजोबांच्या टाचा, मग बाबांच्या. दोन पिढ्यांनी ओकची फळी झिजवली आणि मी त्यावर फुलाफुलांचं लिनोलियम घातलं. घर जरा नीटनेटकं दिसावं म्हणून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल मीच.

बॅगपाइपला थांबणं ठाऊक नसतं. पिशवीत हवा आहे तोवर सूर सलग चालणार, ना तो मोठा होणार ना लहान. मग नाचणाऱ्याने ठोका घ्यायचा कुठून? बाबांच्या टाचांतून. ते बसून वाजवायचे, डोळे तुझ्या पायांवर, आणि खाली दोन्ही बूट फळीवर असे बोलायचे की बशा थरथरायच्या. आजोबांनी त्यांना पहिलं वर्षभर पाइपला हातसुद्धा लावू दिला नव्हता. जमिनीवर बसायचं, आजोबांच्या बुटांखाली तळहात सरकवायचे आणि ठोका हातांत घ्यायचा. हातांतून तो पायांत उतरला की मग बोटं. तूही बसलीस तशी, सहा वर्षांची असताना. हात लाल करून घ्यायचीस आणि खिदळायचीस. मला बाबांनी बोलावलं तेव्हा मी म्हणालो, बुटांखाली हात कोण देईल? बाबा पुन्हा वाजवायला लागले. मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढे मी पाइपवाल्यांच्या बँडमध्ये गेलो. आमचे मास्तर खुद्द स्कॉटलंडचे. ताठ उभं राहायचं, नजर समोर, आणि पाय हलला की पोटरीवर छडी. स्पर्धेत परीक्षक बोटं ऐकतात, पाय नाही. मला पदक मिळालं, तुला माहीतच आहे, कारण वर्षभर मी दुसरं काही बोललोच नाही. मॅगी डॅन तेव्हा म्हणाली होती, "हेक्टर, बोटं परीची आहेत रे तुझी, पण पाय मेलेल्या माणसाचे." सगळे हसले. बाबा हसले नाहीत. मला मात्र त्या दिवसापासून बाबांच्या त्या धडाधड टाचांची लाज वाटायला लागली. होय, लाज. लिहून टाकलं एकदाचं.

आता एफी, तुला माहीत नाही ते. एकाहत्तरच्या ऑक्टोबरात तू हॅलिफॅक्सला होतीस. विद्यापीठातला एक माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बाबांकडे आला. जुने पाइपवाले संपत आले, टेपवर घेऊन ठेवू म्हणाला. मी मुद्दाम सुट्टी काढून आलो. त्या माणसाने काही सांगितलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं. मीच आईचं राखाडी ब्लँकेट आणलं, त्याची चार पदरी घडी केली आणि बाबांच्या बुटांखाली सारली. म्हणालो, नाहीतर यंत्रात नुसता धडधडाट येईल, लोक हसतील. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, "तुला कळतं त्यातलं."

पहिली धून कशीबशी झाली. दुसरी, आपली बिननावाची, तुझी आवडती, ती मध्येच घसरली. ते थांबले. एफी, बाबा धुनेच्या मध्ये थांबले! तू कधी पाहिलंयस? पुन्हा सुरू केली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी वाकून पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कुठे गेले हे?" तो माणूस हसला, मीही हसलो. ब्लँकेट ओढून काढायला मला एक क्षण लागला असता. मी ते काढलं नाही. मनात म्हणालो, वय झालं यांचं.

त्याने टेपची एक प्रत पाठवली. बाबांनी ती गुडघ्यांवर हात ठेवून एकदाच ऐकली. म्हणाले, "हा माणूस नाचणाऱ्यांना पाडेल." पाइप खिळ्याला टांगला आणि मेमध्ये पाहावं तर पिशवीचं चामडं कडक झालेलं. जूनमध्ये तुझं लग्न.

आता तो दिवस मी तुला कशाला सांगू? पांढऱ्या बुटांत तू स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, माझी धून." ते "आज नको गं" म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले. मग मी उठलो, ताठ उभा राहून ती वाजवली, आणि तू आठ पावलं नाचून खाली बसलीस. सगळं खोरं बाबांबद्दल म्हणालं, लॉक्लनला इटालियन जावई गिळवत नाही. तुलाही तेच वाटलं. बारा वर्षं वाटत राहिलं, आणि त्यांना मातीत ठेवलं तेव्हाही तू आली नाहीस. मी हे सगळं पाहिलं आणि मूग गिळून बसलो.

अगं, व्हिटो त्यांना आवडला होता! त्याने गाय कशी पकडायची ते विचारलं यावरच ते खूश होते. गोठ्यात मी त्यांच्या मागे गेलो होतो. गाईच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. म्हणाले, "माझा ताल गेला, हेक्टर. तिच्या लग्नात तिचं पाऊल चुकवू का मी? जगात दुसरं काहीही मागितलं असतं तर दिलं असतं." तेव्हाच बोलायला हवं होतं की ताल कुठेही गेला नाही, तो मी ब्लँकेटखाली दाबला. मला माहीत होतं. टेप ऐकली त्याच दिवशी मला कळलं होतं. पण ते कबूल करायचं म्हणजे टाचा हेच संगीत होतं हे कबूल करायचं, आणि मग माझं पदक कसलं? एका पदकासाठी मी बाबांकडून पाइप काढून घेतला आणि तुझ्याकडून बाबा.

फेब्रुवारीत, इस्पितळात, शेवटच्या आधीच्या दुपारी त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. पांघरुणाखाली पाय हलत होते. नर्स बिचारी चांगली होती, झटके येतायत म्हणून पांघरूण नीट खोचून गेली. मी त्या पायांकडे बघत बसलो. ते झटके नव्हते. ती तुझी धून होती. मी पांघरूण भिरकावलं, पण गादीवर आवाज कुठला? मग मी पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळहात त्यांच्या टाचांखाली दिले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. त्यांनी अख्खी धून वाजवली एफी, एकही ठोका न चुकता, दोनदा. दुसऱ्या भागात ते दोन्ही वेळा किंचित अडले. मला कळेना, का? मग आठवलं, तिथे तू गिरकी घ्यायचीस आणि ते तुझ्यासाठी थांबायचे. मी त्यांना ब्लँकेटचं सगळं सांगितलं. ऐकलं की नाही, देव जाणे. टाचा थांबल्या नाहीत.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही, ती तू दिलीस तरी मी घेऊन कुठे ठेवू? खुर्ची त्या खळग्यांवर मांडून मी माझे पाय हलवून पाहिले. हलतात, पण ते बँडचं चालणं होतं, नाच होत नाही. ठोका माझ्या हातांत आहे, तो पायांत उतरवणं मला येत नाही. ते या जगात आता फक्त तुला येतं. मी टेबलावर वाजवीन, तू फळीवर उतरवून घे. व्हिटोला आण, पोरांना आण, मॅगी डॅन चहा करील. पण लवकर ये. मी रोज सकाळी टेबलावर वाजवून पाहतो, आणि काल पहिल्या फेरीत ती तुझ्यासाठी थांबायची जागा मला सापडली नाही.

तुझाच,
हेक्टर