तुझा लॅपटॉप मी उघडला, आई

प्रिय आई,

तुला जाऊन चार महिने झाले. इतके दिवस लिहायचं बळ नव्हतं. आज लिहिते, कारण काल तुझा लॅपटॉप सुरू झाला, आणि हे तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

तू तीनदा फोन केला होतास. "बाय, चालू केला का नुसता पी-पी वाजतो नि काळाच राहतो. येशील तवा बघ गो." मी शहापूरला पोरांना कॉम्प्युटर शिकवते, आणि तुला म्हटलं, बंद करून परत चालू कर. दुसऱ्या वेळी म्हटलं, रविवारी येते. तिसरा फोन मी उचललाच नाही. तुझं डोळखांब शहापूरहून काय लांब होतं का? त्याच महिन्यात तुझ्या छातीत कळ आली, आणि मी आले ती तुला शेवटचं बघायला.

माझाच कॉलेजातला जुना लॅपटॉप तो. तुला दिला तेव्हा मी हसले होते. पन्नाशीतली अंगणवाडीची बाई, एका बोटानं अक्षरं शोधते! काय लिहितेस, हे मी कधी विचारलं नाही. तूही का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर मी आले असते का? या प्रश्नाचं उत्तर मी टाळत आले आहे.

सांगितलं ते तुझ्या मदतनीस पारूनं. मागच्या आठवड्यात ती क्लासवर आली. पाड्यावरची तीन पोरं पहिलीत घालायची आहेत, शाळेत जन्मतारीख मागतात. त्यांचे आईबाप भात कापून झाल्यावर वीटभट्टीवर जातात, पोरं तिकडेच जन्मतात, तारीख कोण लिहून ठेवणार? तू ठेवायचीस, वहीत. वहीला वाळवी लागली म्हणून एकेक पान लॅपटॉपवर उतरवत होतीस. "आता वही पुरी खाल्ली वालवीनं," पारू म्हणाली. "तुझ्या आयच्या लॅपटॉपात असंल तेवढंच. दुसरं काय नाय आमच्याकडं."

मी तो मुरबाडच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. मेमरीची पट्टी गेली आहे, मशीन जुनं आहे, डिस्क काढून तिच्यातल्या फायली देतो, बाकी भंगारात टाका, असं तो म्हणाला. चुकीचं काही नव्हतं त्यात. मीही कुणाला हेच सांगितलं असतं. पण तू मला फायली काढून दे म्हणाली नव्हतीस. लॅपटॉप बघ म्हणाली होतीस. मी तो पिशवीत घालून परत आणला.

काल क्लास सुटल्यावर मागचं झाकण उघडलं. आत चुलीची काजळी बसली होती. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्ही काढल्या. एक लावली, तोच आवाज, तोच काळा पडदा. ती बाजूला ठेवली. दुसरीची टोकं खोडरबरानं घासली, बसवली, आणि लॅपटॉप सुरू झाला.

दहा मिनिटं लागली, आई. फक्त दहा. मी तिथेच बाकावर बसून रडले.

फायलीचं नाव होतं 'पोरं'. पोराचं नाव, आईचं नाव, पाडा, तारीख. जिथे तारीख ठाऊक नव्हती तिथे तू लिहिलं होतंस, 'भिवंडीच्या भट्टीवर, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी', आणि पुढे कॅलेंडर बघून काढलेला दिवस. एवढं काम तू एका बोटानं करत होतीस?

दोन पोरं सापडली. तिसरी, जानकीची मंदा, सापडली नाही. तिच्या पानापर्यंत तू पोचलीच नव्हतीस. लॅपटॉप बंद पडला, आणि ते पान वाळवीनं खाल्लं. मी पारूला फोनवर हे सांगितलं. तिनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

नवी पट्टी मागवली आहे. लॅपटॉप भंगारात जाणार नाही, अंगणवाडीत परत जाईल. पारूला टाइप करायला शिकवायचं ठरवलं आहे.

आणि येत्या रविवारी मी जानकीच्या दारात बसणार आहे. मंदा झाली तेव्हा ती कुठल्या भट्टीवर होती, चंद्र किती होता, जवळ कोण बाई होती, सगळं विचारीन. लागतील तितके रविवार जाईन. मंदाला तिची तारीख मिळेल, आई. हा माझा शब्द.

तुझी,
बाय