बंद न करण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणार, वय छप्पन्न, धंदा साप्ताहिकात लोकांची टर उडवणे, हे मृत्युपत्र शाई गळणाऱ्या पेनाने लिहीत आहे, आणि याबद्दलची माझी तक्रार आधी नोंदवून घ्यावी. ते टाइप व्हायला हवे होते. परंतु 'मी' हा एक शब्द पडद्यावर आणायला माझ्या संगणकाला आज सकाळी सहा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात माणसाचा स्वतःविषयीचा आदर टिकत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. भीती आहे, पण ती दबावात धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर व सर्व ठेवी पत्नीस. घर तसेही तिचेच. मी त्यात टेबलापुरता राहतो.

२. पुस्तके मुलीस. 'बाबा, सगळ्याची कॉपी काढून ठेवा,' असे ती दहा वर्षे सांगत होती. तिचे बरोबर होते. हे तिला माझ्या पश्चातच कळेल, अशी ही व्यवस्था आहे.

३. फिरती खुर्ची संपादकांस. वजन पडेल तिकडे ती कलते. त्यांना परकी वाटणार नाही.

४. संगणक. तो कोणीही, कोणत्याही कारणाने बंद करू नये. सात महिन्यांपूर्वी दुरुस्तीवाल्यांनी त्याचे झाकण उघडले, आत फुंकर मारली आणि डॉक्टरसारखे मला गॅलरीत बोलावले.

“साहेब, आता हा बंद केलात तर परत उठेल, असं मी म्हणणार नाही.”

“मग फायली नव्यावर काढून द्या.”

“काढतो की. पण उघडल्यावर नुसते कंस आणि प्रश्नचिन्हं दिसतील. तुमचा फॉन्ट वीस वर्षांपूर्वीचा, तो दुसऱ्या कशावर चढत नाही. छापून घ्या. एकेक पान. घाई केलीत तर बसेल तो.”

तेव्हापासून मी गावाला गेलेलो नाही. पंख्याचा आवाज बदलला की अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर येतो. बायको विचारते, “मिक्सर लावू का? का त्याला त्रास होईल?” ती थट्टा करते, मी विचार करून उत्तर देतो. आतून 'टक्' होते, मग काहीच होत नाही, आणि त्या काहीच-नाहीमध्ये मी पुढचा 'टक्' मोजत उभा राहतो.

५. कारण आत दोनशे बारा पाने आहेत आणि ती माझ्या थोरल्या भावासाठी आहेत. मला शिकता यावे म्हणून दादाने शाळा सोडून छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. तो बोलताना अडखळतो. बारा वर्षांपूर्वी मी सदरात लिहिले, की आमचे बंधू वाक्य सुरू करतात, मी चहा पिऊन येतो, तरी कर्ता दारातच उभा असतो. शहर हसले. दादा तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलत नाही. या पानांत एकही विनोद नाही. दोनदा तपासले आहे. एकशे त्रेचाळीस छापून झाली. जेवढी हाती लागतील तेवढी त्यास द्यावीत.

६. आज दुपारी एकशे चव्वेचाळिसावे पान अर्ध्या ओळीवर थांबले. मी चाळीस मिनिटे एकही कळ न दाबता समोर बसलो. एवढा वेळ मी आयुष्यात कोणासाठी थांबलेलो नाही. मग दादाच्या घरी फोन लावला.

“भावजी? काही निरोप द्यायचाय का?” वहिनी.

“फोन दादालाच द्या.”

फोन या हातातून त्या हातात गेला. मग, “तु... तुझं... म... म...”

बायकोने वहिनींना सगळे सांगितले असणार. शब्द मला कळला होता. पूर्वी मी तो त्याच्या तोंडातून काढून घेतला असता. मी ओठ मिटून बसलो.

“...मशीन. चा... चालू आहे ना?”

“आहे अजून. तू बोल, दादा.”

तो बोलला. एक अख्खे वाक्य, त्याला लागेल तेवढ्या वेळात. ते वाक्य या दस्तऐवजाचा भाग नाही.

स्थळ: जेवणाचे टेबल
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार
(सही)

समक्ष सही करणारे साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्यबाई (सही)
२. संगणक दुरुस्त करणारे (सही)