साहेबाने फुकट दिलेलं छत

आई,

तुझी एक गोष्ट होती, ती ऐकून आख्खी चाळ पोट धरून हसायची. शीटवाल्या बाप्याची गोष्ट. ती मला आता कुणापुढे सांगता येत नाही. गेल्या महिन्यापासून ती आठवली की डोक्यात सणक जाते, कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटते, आणि धरायला कुणी सापडत नाही. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तुझा तो मोठा साहेबही एव्हाना गेला असेल. म्हणून तुलाच लिहितेय. ऐकून घे. आणि मध्ये बोलू नको, तुझी सवय आहे ती.

मी घाटकोपरला ज्या ऑफिसात कामाला आहे ती इमारत चांगलीच जुनी आहे. तिचा वरचा मजला एका परदेशी कंपनीला भाड्याने द्यायचं ठरलं. कंपनी म्हणाली, आधी इमारतीत ॲसबेस्टॉस कुठे कुठे आहे त्याची तपासणी करून द्या, त्याशिवाय आमची माणसं आत पाय ठेवणार नाहीत. मालक कुरकुरला, पण गिऱ्हाईक मोठं, करतो काय? तपासणीवाली आली. बाई कसली, पोरगीच ती, मुलुंडची, पाठीला सॅक, तोंडाला जाडजूड मास्क. जिन्याखाली, संडासातल्या पाइपांच्या मागे, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, जिथे झाडूवालासुद्धा जात नाही तिथे ती घुसत होती आणि मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्या मागे. वरच्या मजल्यावर छताच्या पांढऱ्या शीटवर तिने पाणी फवारलं, नखाएवढा तुकडा काढला, पिशवीत घातला, ती पिशवी आणखी एका पिशवीत घातली. मला म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा लांब उभ्या राहा ना." मी म्हटलं, "अगं, एवढ्याशा तुकड्याचं काय कौतुक?" तिने पिशवीवर पेनाने नंबर टाकला. नंतर खाली टपरीवर चहा पिताना म्हणाली, "त्याचा भुगा फार बारीक असतो मावशी, दिसतसुद्धा नाही. श्वासातून जातो आणि छातीत बसतो. वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग एकदम कळतं." आणि वर म्हणाली, "ह्या शीट काढल्यावर कुणी घरी न्यायला मागितल्या तर देऊ नका हां. लोक मागतात."

मला आधी हसू आलं, आई. खरंच सांगते. कारण हे असंच्या असं मी तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलंय, तेही नाकात, आवाज बदलून, तोंडावर पदर धरून. ह्या वाक्याला आपल्या घरी हसायचंच असतं. मी हसले, ती पोरगी बघत राहिली, आणि मग मी चहा तसाच टपरीच्या फळीवर ठेवून दिला.

बाबांची गिरणी बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट ती. ऐंशीनंतरची. मी नुकतीच कॉलेजात गेले होते आणि घर तुझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, अंधेरीच्या तुझ्या परदेशी कंपनीच्या कॅन्टीनवर. एक दिवस तू घरी आलीस ती गोऱ्या साहेबाची नक्कल करतच. हेड ऑफिसने कुणी गोरा पाठवला होता, तो टॉर्च घेऊन सगळ्या ऑफिसभर मान वर करून फिरत होता. "वर काय बघता मेलो? पाली मोजता काय?" असं तू सगळ्या कॅन्टीनला हसवलंस म्हणे. गोरा गेला आणि थोड्याच दिवसांत साहेब लोकांच्या केबिनी रिकाम्या केल्या. दारांना प्लास्टिक लावलं, बाहेरची माणसं आली, तोंडाला मास्क बांधून त्यांनी छताच्या शीट उतरवल्या. तू त्यांना चहा घेऊन गेलीस तर ते आत घेईनात, बाहेर येऊन हात धुतल्यावर घेतो म्हणाले. तुला राग आला. "आमच्या कॅन्टीनचो वास येता काय?" असं विचारून आलीस.

उतरवलेल्या शीट मागे सायकल स्टँडपाशी रचून ठेवल्या होत्या. गणपती तोंडावर आले होते. मोठा साहेब खाली आला आणि शिपाई, ड्रायव्हर, कॅन्टीनवाल्या सगळ्यांना गोळा करून म्हणाला, ज्याला पाहिजे त्याने घरी घेऊन जा, चांगला माल आहे, टाकून कशाला द्यायचा! साहेब देवमाणूस, असं तू रात्री जेवताना तीनदा म्हणालीस. एका ड्रायव्हरने लगेच मेव्हण्याचा टेम्पो आणायची भाषा सुरू केली, तर तू पदर खोचलास आणि सरळ ढिगावर जाऊन बसलीस. "आधी माझ्या घराक, मगे तुझ्या मेव्हण्याक!" कुणाची टाप होती तुला उठवायची?

आणि तिथेच तो आला, शीट उतरवणाऱ्यांतलाच एक. मास्क गळ्यात ओढलेला, पन्नाशीचा, आपल्या मालवणकडचाच कुणी बाप्या. इकडेतिकडे बघून हळूच तुला म्हणाला, "बाय गो, ह्यां घराक नेव नको. ह्येचो भुगो छातीत बसता." आणि तू ढिगावरून त्याला म्हणालीस, "तुका व्हये असतीत तर तसा सांग मरे! माका शेंडी लावू नको." तुला वाटलं, त्यालाच न्यायच्या असतील; तो बिचारा गेला निघून. झाली गोष्ट.

हातगाडीवर शीट जोगेश्वरीच्या आपल्या टेकडीवर आल्या तेव्हा विरोध केला तो मी एकटीने, पण तो भलत्याच कारणाने. मला लाज वाटली. लोकांनी काढून टाकलेलं आपण डोक्यावर घेणार, मैत्रिणी आल्या तर काय म्हणतील? तू मला फाडफाड बोललीस. "कॉलेजात गेलीस म्हणून घराची लाज वाटते काय? त्याच छताखाली साहेब बसत होते इतकी वर्षं. साहेबाला चालतं आणि तुला चालत नाही?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. साहेबाला चालत नव्हतं म्हणूनच ते आपल्याकडे आलं, आई!

बाबा रिकामेच होते. त्यांनी दोन दिवस बसून करवतीने शीट कापल्या, दारातच. गिरणी सुटल्यापासून पहिल्यांदा माणूस काहीतरी करत होता, शीळ घालत होता. पत्र्याच्या छपराखाली आतून त्या शीट ठोकल्या, उरलेल्यांचा मोरीला आडोसा केला. दारात पांढऱ्या पिठासारखा भुगा साचला. तो तू फेकला नाहीस. डब्यात भरून ठेवलास आणि त्याने भांडी घासलीस. "बघ गं, पितळ काय झकास निघतं!" शेजारणींना वाट्या भरभरून दिलास. मे महिन्यात आपलं घर तापेनासं झालं, तर दुपारी बायका आपल्याकडे निवडणं-टिपणं घेऊन यायला लागल्या, आणि तू त्यांना सांगायचीस, "साहेबाने एसी बसवून दिलाय." गणपतीला एकवीस मोदक बाप्पाला आणि एक डबा साहेबाच्या केबिनीत, असा तुझा नेम झाला. रिटायर होईपर्यंत चुकवला नाहीस.

तो खात होता तुझे मोदक! ह्याच गोष्टीने माझं डोकं फिरतं. नव्या छताखाली बसून, तुझ्या हातचे, तुपाची धार सोडलेले. त्याला एकदाही वाटलं नाही, बाईला विचारावं, शीट कुठे लावल्यास, काढून टाक म्हणून? मी त्या पोरीला तुझ्या मास्कवाल्यांचं सांगितलं आणि विचारलं, "तेव्हा लोकांना ठाऊक नसेल ना गं? जुना काळ." मला वाटलं ती हो म्हणेल, मीही चहा संपवीन, विषय संपेल. ती म्हणाली, "ज्यांनी काढल्या त्यांनी मास्क घातले होते ना? मग? मास्क कुणी उगाच घालत नाही, मावशी." आणि तिने सांगितलं, असल्या शीटची विल्हेवाट लावणं कटकटीचं असतं. नीट बांधायच्या, वाहून न्यायच्या, पुरायच्या. साहेबाने ती सगळी कटकट एका दुपारी मिटवली. घाणही गेली, आणि वर तुमचे आशीर्वाद. तळपट होवो त्याचं! तू म्हणशील, मेलेल्या माणसाला असं बोलू नये, खाल्ल्या मिठाला जागावं. मीठ तू घालत होतीस, आई, त्याच्या जेवणात. जागायचं त्याने होतं.

मग तुझा खोकला. तुला दम लागायला लागला तेव्हा मी लग्न होऊन मुलुंडला आले होते. टेकडी चढताना तू मध्ये बसायला लागलीस, आधी एकदा, मग प्रत्येक वळणावर. डॉक्टरने फोटो बघितला आणि म्हणाला, कॅन्टीनमध्ये स्टोव्हवर काम केलंय ना, धूर आहे हा. आम्ही माना डोलावल्या. तो डॉक्टर काय, आम्ही काय, घरात डोक्यावर काय ठोकलंय हे कुणाच्या मनातही आलं नाही. ती पोरगी म्हणते, त्यानेच झालं असं आज कुणालाच सांगता येणार नाही, धूरही असेल. बरोबर आहे तिचं, ती शिकलेली आहे. मला मात्र तो पितळ घासायचा डबा दिसतो आणि माझं शहाणपण संपतं.

हॉस्पिटलमध्ये तुला ऑक्सिजनचा मास्क लावला त्या दिवशी सगळे खाटेभोवती तोंडं पाडून उभे होतो. तुला ते बघवेना. तू डोळे मोठे केलेस, मान हलवलीस आणि मास्कमधूनच म्हणालीस, "गो, मी आता त्या शीटवाल्यासारखी दिसतंय मा?" आम्ही हसलो. बाबा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढचं वाक्य तुला म्हणायचं होतं, त्याचं वाक्य, पण दम पुरेना, तर दादाने तुझ्यासाठी म्हटलं, नाकात. छातीत बसता. काय मेली माणसं आम्ही! तुझी छाती वरखाली होतेय आणि आम्ही त्यावरच हसतोय.

मी त्या बाप्यावरही चिडून बघितलं. एवढं माहीत होतं तर एकदाच सांगून का गेला, ओरडला का नाही? पण रोजावरचा माणूस, साहेबाच्या तोंडावर काय ओरडणार? त्याने निदान तोंड उघडलं. ऑफिसात इंग्रजी बोलणारे इतके होते, त्यातल्या एकानेही नाही. मग उरलं ते तुझं त्याच्यावर विश्वास न ठेवणं. तेही मला कळतं गं. रेशनवाला म्हणायचा, "हा तांदूळ बरा नाही बाई, पुढच्या हप्त्यात या," आणि तोच तांदूळ मागच्या दाराने हॉटेलात जायचा. गिरणीतला बाबू बाबांना म्हणाला, विणकाम खात्यात नको, तिथे तब्येत बिघडेल, आणि त्या जागेवर त्याने आपला भाचा लावला. माझ्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, सायन्स नको घेऊस, तुला झेपणार नाही. आपल्या भल्याचं म्हणून जो कुणी काही सांगायला आला, तो आपल्या हातातलं काहीतरी काढून घ्यायलाच आला. मग आयुष्यात एकदाच एक माणूस खरं सांगायला आला तर तू त्याला कशी ओळखणार होतीस? हे मी रोज स्वतःला समजावते. पोळ्या लाटताना, बसच्या रांगेत. पटतंही.

त्या पोरीला मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्या घरात जे जे राहिले त्यांनी एकदा तपासून घ्या, मावशी." बाबा तर तुझ्याकडेच आहेत, उरलो दादा आणि मी; दादा दुसऱ्याच दिवशी जाऊन आला. त्याचं काही निघालं नाही, देवाची कृपा. तो रोज फोन करतो, तू गेलीस का, कधी जाणार? मी त्याला सांगते, ऑफिसात काम आहे, गुडघा दुखतोय, डॉक्टर गावाला गेलाय. हा कागदही मी कुठे पोस्टात टाकणार नाहीये, तेव्हा तुझ्यापाशी खरं बोलायला हरकत नाही.

छातीचा फोटो काढायला मी गेलेले नाही. आजाराची भीती म्हणून नव्हे, माझं काय, व्हायचं ते झालंय. पण त्यात काही निघालं, तर तिथल्या तिथे माझ्या तोंडून पहिली शिवी कुणाला जाईल ते मला ठाऊक आहे, आणि ती साहेबाला जाणार नाही, आई.