स्टीलच्या पेल्यातली गुळवेल

३ ऑगस्ट, रविवार
सकाळपासून हे चार वेळा शिंकले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलंच. ताप नाही. ९८.२. दुपारी परत लावला, ९८.४. म्हणाले, "तो थर्मामीटर माझ्यापेक्षा जास्त दमला असेल."
कॉलनीत घरोघरी तापाची साथ. विहारात वर्षावासाचं वाचन चालू आहे, यांना जाऊ दिलं नाही. गर्दी नको. रुसून बाल्कनीत बसलेत, मास्क हनुवटीवर.
किडनी बसवून सव्वा वर्ष झालं. माझी डावी होती, यांच्या पोटात उजव्या बाजूला बसवली. मुलगी म्हणते, मम्मी तू पप्पांना थर्मामीटर लावतेस की स्वतःला?

५ ऑगस्ट, मंगळवार
कॉलेजात जोशीबाईंनी काढ्याची पुडी पुढे केली. तुळस, मिरी, दालचिनी, अश्वगंधा, घरी कुटलेलं. "साहेबांना द्या, प्रतिकारशक्ती वाढते." घेतली नाही. त्यांचं तोंड उतरलं. काय सांगणार त्यांना? सगळे ती वाढवायला धडपडतायत आणि आमच्याकडे सकाळी आठ, रात्री आठ ती दाबायच्या गोळ्या. ऑपरेशनआधी डॉक्टर मॅडमनी समजावलं होतं. म्हणाल्या, वंदनाताई, यांच्या शरीराला तुमची किडनी परकीच वाटणार, कायम. शरीर जरा जास्त जागं झालं की आधी तिच्यावर धावून जाईल.
तेव्हा नुसती मान हलवली होती. आता ते वाक्य कर्वेनगर ते खडकी बसमध्ये रोज आठवतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
महिन्याचा रिपोर्ट. क्रिएटिनीन, किडनीचा तो आकडा, १.६.
वर्षभर १.१, फार तर १.२. परत वाचलं. नाव वाचलं, वय वाचलं, दुसऱ्या कुणाचा तर नाही. यांना म्हटलं, लॅबची चूक असेल, उद्या परत देऊ. "हो, चूकच असणार," म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
भाजी करपली. तशीच खाल्ली.

९ ऑगस्ट, शनिवार
१.८. चूक नाही.
संध्याकाळी हॉस्पिटल. मॅडमनी पाय दाबून बघितले, सूज नाही. मग एकेक विचारलं. गोळी चुकली का? नाही. जुलाब, उलट्या? नाही. पेनकिलर? नाही. दुसरं काही, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, कुणी दिलेलं? हे म्हणाले, "नाही हो मॅडम."
मी वर छातीठोकपणे सांगितलं, "यांच्या तोंडात माझ्या नजरेआडून पाण्याचा घोटसुद्धा जात नाही."
औषधाची पातळी तपासायला रक्त दिलं. तीन दिवसांनी परत क्रि. वाढलंच तर बायोप्सी. माझ्या कुशीतला टाका ठणकतोय. तिथं ठणकण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे माहीत असून.

११ ऑगस्ट, सोमवार
अक्षर वाईट येतंय.
सकाळी हे फिरायला गेले ते फोन चार्जिंगलाच विसरून. साडेसातला परत येतात. आठला गोळीचा गजर वाजला तरी पत्ता नाही. गोळी, पाण्याची बाटली आणि फोन घेऊन मीच निघाले. मैदानात नाहीत. वळून आले तर सोनवणेकाकांच्या अंगणात दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. (काका यांच्याच फॅक्टरीतले, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली.) यांच्या हातात स्टीलचा पेला. एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं. मग मी दिसले.
काका उठले. "या, जय भीम वहिनी. तुम्हाला पण देऊ? गुळवेल आहे. कडुलिंबावर चढलेली, ती सगळ्यात गुणाची."
मी यांच्याकडे बघत विचारलं, "किती दिवस?"
उत्तर काकांनीच दिलं. "दीड महिना झाला की. बघा, सर्दी तरी टिकली का अंगात? माझ्याकडे बघा, सत्तरी उलटली, दवाखान्याचं तोंड बघितलं नाही."
"काका, यांना किडनी बसवलीय."
"तेच तर. अशा माणसाला ताकद नको?"
मी ओरडले नाही. गोळी यांच्या हातावर ठेवली, बाटलीचं झाकण उघडून दिलं. सव्वाआठ झाले होते.

घरी आल्यावर ओरडले. शेजारी ऐकत असणार, ऐकू देत. विचारलं, मॅडमसमोर खोटं का बोललात? मला का खोटं बोलायला लावलंत? हे पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मग म्हणाले, "जूनमध्ये दोनदा सर्दी झाली तेव्हा तुझं तोंड बघितलं होतंस का? रात्रभर माझ्या कपाळावर हात. तुझी आहे गं ती. साध्या तापानं गेली असती तर तुला काय तोंड दाखवलं असतं मी?"
म्हणजे भीतीपोटीच. माझ्या भीतीला घाबरून.
मग हात धरून म्हणाले, "आजपासून बंद. मॅडमना सांगू नकोस. खोटारडा म्हणतील. आपोआप उतरेल बघ."
मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक.

१२ ऑगस्ट, मंगळवार
एक अख्खा दिवस घालवला मी. लाज वाटते.
रिपोर्ट यायच्या आधीच, सकाळी बस स्टॉपवर उभी राहून मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. माझं छातीठोक वाक्यही खोटं होतं, हेही. त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, गुळवेलीनंच झालं का? म्हणाल्या, "तसं मी ठामपणे नाही सांगू शकत. त्यानं झालं नाही असंही नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आजच ॲडमिट करा."
दुपारी क्रि. २.१. औषधाची पातळी मात्र बरोबर आहे. म्हणजे गोळ्या चुकल्या नव्हत्या.
हे माझ्याशी बोलत नाहीत. बॅगेत शर्ट मी भरले, ते यांनी काढून परत स्वतः घड्या घातल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार
बायोप्सी झाली. सहा तास उताणं पडायचं, हलायचं नाही. नाकाला खाज सुटली तरी माझ्याकडे बघत होते. शेवटी बोलले. "खाजव."
मुलगी हिंजवडीहून थेट आली. तिला सगळं कळल्यावर म्हणाली, "त्या काकांवर कम्प्लेंटच करते. नॅचरल आहे म्हणून काहीही पाजायचं?" मी म्हटलं, पेला पप्पांनी स्वतः उचललाय. ती रडली.

१४ ऑगस्ट, गुरुवार
रिजेक्शन सुरू झालंय, शरीर किडनीवर उठलंय. मॅडम म्हणाल्या, लवकर सापडलं, तीन दिवस स्टेरॉइडची सलाईन, बऱ्याच जणांचं आटोक्यात येतं. मी विचारलं, आणि बाकीच्यांचं? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.
नाही आलं तर परत डायलिसिस. ती खुर्ची, ती थंडी, घरी येऊन यांचं भिंतीकडे तोंड करून पडणं. आणि या वेळी द्यायला माझ्याकडे काही नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
तिसरी सलाईन. साखर वाढली, चेहरा सुजला, चिडचिड.
भेटीच्या वेळात खाली सोनवणेकाका. वर यायची हिंमत झाली नाही म्हणाले. मुलगी तोंड फिरवून निघून गेली. काकांच्या हाताला ओरखडे. "वेल मुळासकट काढली, वहिनी." मला वाटलं होतं ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही.
मग त्यांनी खिशातून कागद काढला. अकरा नावं. रोज त्यांच्याकडे पेला घेणारे. "यातल्या कुणाला आणखी काय आजार आहे, मी कधी विचारलंच नाही. एकाला साखरेची गोळी आहे. एकीला संधिवाताचं काहीतरी इंजेक्शन असतं. या लोकांना काही झालं तर?" खाली बाकड्यावर बसले. "बायको गेली तेव्हा मी काहीच करू शकलो नाही. मग हे करायला लागलो."
त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, सगळ्यांना आजच सांगा, आपापल्या डॉक्टरला विचारा म्हणावं. म्हणाले, "माझं ऐकून पितात, माझं ऐकून थांबणार नाहीत." शेवटी चार फोन मी लावून दिले. एका बाईंनी मलाच सुनावलं, "आम्हाला मानवते, तुम्हाला काय त्रास?"
माफ केलं का त्यांना? माहीत नाही. फोन तेवढे लावले.

१८ ऑगस्ट, सोमवार
१.९. घरी सोडलं. मॅडम म्हणाल्या, उतरतंय, पण पहिल्यासारखं होईलच असं धरून चालू नका. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तुमची वार्षिक तपासणी? मेमध्ये होती." राहिली म्हटलं. गडबडीत राहिली.
रिक्षात यांनी विचारलं, "खरंच गडबडीत राहिली?"
मी बाहेर बघत बसले. माझी एकच किडनी उरलीय. तिचा आकडा मला बघायचा नाही, एवढंच. हे कुणाला बोलले नव्हते. इथंही लिहिलं नव्हतं.

२५ ऑगस्ट, सोमवार
सकाळी दोघं लॅबमध्ये. माझा फॉर्म यांनीच भरला, नाव, वय, सगळं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. "मी खोटं बोललो, तू पळतेयस. बस तिथं." पहिल्यांदाच असा आवाज चढवला.
शेजारी शेजारी बसलो. सुई टोचताना हे माझ्याकडे बघत होते, स्वतःच्या हाताकडे नाही. दोन नळ्या, दोन्हींवर एकच आडनाव.
रिपोर्ट पाचला फोनवर येणार. आता साडेचार. यांनी चहा टाकलाय, साखर जास्त पडलीय बहुतेक, दोनदा डबा उघडल्याचा आवाज आला. फोन टेबलावर पालथा ठेवलाय. आत्ता थरथरला. अजून वेळ आहे, दुसरंच काही असेल.
हे कप घेऊन दारात उभे आहेत. "तू बघतेस की मी?"