डाव्या पोटरीचा खरा आकडा

ताई,

वर्गातल्या गोकुळच्या गाडीवर चौकातल्या दवाखान्यात चाललोय. ड्यूटीवरून आलीस की तिकडंच ये.

कॉलेजात पळण्याच्या घट्ट मोज्यांची चाचणी चाललीय. माझी डावी पोटरी तीन दिवसांपासून सुजलीय. सर मला चाचणीतून काढतील म्हणून मी रात्रभर मोजा घालून सूज दाबायचो आणि सकाळी सरांच्या मापात पोटरी पस्तीस सेंटिमीटर भरवायचो. आज मोजा न घालता मोजली, तर अडतीस.

गोकुळ म्हणाला, "पाय हाय का दुधी?" हसायला गेलो तर दम लागला. पोटरीतली रक्ताची गाठ छातीत गेली तर काय होतं, ते तूच सांगितलेलंस.

मला बोलता आलं नाही तर डॉक्टरांना हे सगळं तू सांग.

आईला फुलंब्रीला फोन करू नको. नाही, कर.

धम्मपाल